पाखरं वाटणीत धरली नव्हती

भंडाऱ्याचे दोन जिल्हे होऊन गोंदिया निराळं झालं, त्याच सुमारास पवनीतलं आमचं घरही निराळं झालं. जिल्ह्याच्या वाटणीत काय काय मोजलं गेलं ते मला ठाऊक नाही, पण घरची वाटणी मी माजघराच्या उंबऱ्यावर बसून पाहिली आहे आणि ती काटेकोर होती. हातमाग चार होते, ते दोन-दोन झाले. पाण्याचे पितळी गुंड सात होते. सातवा मोठेबाबांकडे गेला म्हणून पाटा-वरवंटा आमच्याकडे आला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील त्यांना दादा म्हणत, आणि वाटणीच्या दिवशीही दर वाक्याला दादा म्हणत होते. भांडण वाटणीचं झालंच नाही. भांडण झालं ते भिंतीचं.

घराच्या पुढच्या बाजूला रस्त्याला लागून सपरी होती. लाकडी खांबांवर उभी, पुढून उघडी, वर माडी असल्यामुळे तिला फळ्यांचं सपाट छत. या सपरीच्या मधोमध नऊ इंची भिंत घालायची ठरली. साडेचार इंच मोठेबाबांच्या जागेत, साडेचार आमच्या. गवंड्यानं दोरी लावली आणि तो जेवायला गेला. परत आला तेव्हा दोरी कुणाच्या तरी पायात अडकून सरकली होती. भिंत उभी राहिली ती पूर्ण नऊ इंच आमच्या जागेत. बाबांनी पट्टी लावून पाहिलं, मी पट्टीचं दुसरं टोक धरलं होतं, त्यामुळे आकड्याबद्दल मला शंका नाही. मोठेबाबा म्हणाले, पट्टीच वाकडी धरली. तेव्हापासून दोघे भाऊ बोलेनासे झाले. साडेचार इंचासाठी माणसं वर्षभर गप्प बसू शकतात, हे मला त्या वयात खरं वाटलं नसतं. आता प्रपंच केल्यावर वाटतं, साडेचार इंच म्हणजे बरीच जागा झाली.

त्या सपरीच्या छताला, तुळई भिंतीला मिळते त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पाकोळ्यांची घरटी होती. पाकोळी चिमणीहून लहान, काळपट, गळ्याशी आणि पाठीच्या टोकाशी पांढरी. तारेवर बसत नाही, झाडावर बसत नाही, जमिनीवर तर नाहीच. दिवसभर उडते आणि थेट घरट्यात शिरते. घरटी कसली, पिसं, काड्या आणि सुताचे तुकडे थुंकीनं चिकटवून केलेली गाठोडी. अकरा होती. आमचे आजोबा मागावर बसत त्या काळापासून होती म्हणतात. भिंत झाली आणि अकराच्या अकरा मोठेबाबांकडच्या कोपऱ्यात राहिली. वाटणीच्या वेळी कुणीच वर पाहिलं नव्हतं.

बाबांच्या हे लक्षात आलं ते आठ-दहा दिवसांनी. संध्याकाळी सपरीत बसून ते सुपारी कातरत होते. पाकोळ्या घोळक्यानं चिरचिरत रस्त्यावरून आल्या, आमच्यासमोरून वळल्या आणि भिंतीपलीकडे गडप झाल्या. बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"पाखरं वाटणीत धरलीच नाही आपन," ते म्हणाले.

"आता तेही मोजा," आई आतून म्हणाली.

आई हसत होती, पण बाबांना ते लागलं होतं. त्याला कारण होतं. कोष्ट्याच्या ज्या घरी पाकोळ्यांचा खोपा, त्या घरी मागावरची तार कमी तुटते, असं बाबा मानत. आणि वाटणी झाल्यापासून आमच्या मागावर तार तुटत होती. तुटत होती म्हणजे किती, तर लुगड्याच्या एका हातभर कापडात कधी पाच, कधी सहा. पूर्वी दिवसात एखादी तुटायची. तार तुटली की माग थांबतो, आणि माग थांबला की आवाज थांबतो. आमच्या आळीत सकाळपासून आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांची खटखट चालायची. ती इतकी सवयीची होती की ऐकूच यायची नाही. पण कुणाची थांबली की ताबडतोब ऐकू यायची. भिंतीपलीकडे मोठेबाबांचा माग एकसारखा चालायचा, अलीकडे बाबांचा अडखळायचा. बाबा तार सांधायला वाकले की पलीकडून मोठेबाबा खाकरायचे. ते खरोखर खोकल्यानं खाकरत की मुद्दाम, हे आजवर कळलेलं नाही.

तारा का तुटत होत्या, हे आईला माहीत होतं. आमच्याकडे ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या सुताला, मागावर चढवण्याआधी तांदळाची खळ लावतात. खळ नीट शिजली तर सूत गुळगुळीत आणि बळकट होतं. गाठी राहिल्या तर जिथं गाठ तिथं तार घासून तुटते. एकत्र घरात खळ शिजवायची मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको. आईकडे भात, लाखोळीची डाळ, भाकरी असा स्वयंपाक. आईच्या हातची डाळ आळीत नावाजलेली होती; खळ तिला कधी शिजवावी लागली नव्हती. वाटणीनंतर शिजवावी लागली, आणि ती डाळीसारखीच शिजवली. गाठी राहिल्या. मोठ्या आईनं परसातून दोनदा विचारलं होतं, मी करून देऊ का म्हणून. या दोघी जावा परसात, विहिरीवर, रोज तासभर बोलत. भाऊ बोलत नाहीत म्हणून पुढच्या सपरीत मात्र एकमेकींकडे पाहतही नसत. पण खळ मागायला आई तयार नव्हती. "सारं मागून आनलं तं मंग निराळं काहून झालो," असं तिचं म्हणणं. आणि बाबांना कारण सांगायलाही ती तयार नव्हती. त्यामुळे दोष पाकोळ्यांवर गेला, आणि पाकोळ्यांना बोलावण्याचं काम माझ्यावर आलं.

पहिला उपाय म्हणून बाबांनी सुताच्या रिकाम्या तीन लाकडी पेट्या आमच्याकडच्या छताला टांगल्या. एकीत चिमण्या आल्या. बाबा म्हणाले, चिमणी कोनाच्याही घरी येते, ते धरू नको. दुसरीत गांधीलमाश्या आल्या आणि आठवडाभर आम्ही मागच्या दारानं ये-जा केली. तिसरीत काहीच आलं नाही. ती एका दुपारी दोरी तुटून बाबांच्या खाटेवर पडली. सुदैवानं खाटेवर बाबा नव्हते, सुपारीचं ताट होतं.

मग पिसं आणायचं ठरलं. पाकोळ्या उडता उडता हवेतली पिसं टिपतात, ते आम्ही पाहिलं होतं. बाबांनी मला स्टँडजवळच्या कोंबडीच्या दुकानात पाठवलं. दुकानदारानं विचारलं, किती किलो. मी म्हटलं, कोंबडी नको, पिसं द्या, पांढरी. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी भरून दिली, वर म्हणाला, "काही करनी-बिरनी करून राहिले काय वो घरी?" पिसं आईनं दोनदा धुतली, वाळवली, आणि संध्याकाळी मी माडीच्या खिडकीत बसून एकेक सोडू लागले. सोबत मागावरून निघालेले सुताचे तुकडेही.

हा भाग सांगताना माझा सूर बदलतो, असं माझी मुलं म्हणतात. बदलत असेल. पीस खिडकीतून सुटलं की हेलकावे खात खाली जायचं, आणि अचानक कुठून तरी एक काळी रेघ यायची आणि पीस नाहीसं व्हायचं. झटापट नाही, थांबणं नाही. दहा सोडली तर सात उचलली जायची. खाली रस्त्यावर पोरं जमायची, बाया डोक्यावरचे गुंड सांभाळत वर पाहायच्या. समोरचे गुलाबकाका, जे आळीत हाडं बसवून द्यायचे आणि न बसलेल्या हाडांबद्दल बोलायचे नाहीत, ते आपल्या ओट्यावरून ओरडून विचारायचे, "शालू, आज किती गेले वो?" मी आकडा सांगायची. उचललेली सातही पिसं भिंतीपलीकडे जात, हे मात्र मी बाबांना एकट्यांना सांगायची.

"जाऊ दे. सवय आहे त्यांची," बाबा म्हणायचे. "हळूहळू समजन त्यांले."

"पाखरं बोलावून राहिले का सोयरीक जमवून राहिले?" आई विचारायची. "सोयरीक एवढ्यात जमली असती."

आता मी भंडाऱ्याला राहते. आमच्या गॅलरीच्या स्लॅबखाली पाकोळ्यांची चार घरटी आहेत आणि मी त्यांना कधी बोलावलं नव्हतं. त्यांना उंच, अंधारा कोपरा लागतो, खाली मोकळी जागा लागते, म्हणजे घरट्यातून अंग टाकलं की सरळ हवेत. आमच्याकडच्या सपरीत बाबांनी वाटणीनंतर हौसेनं ट्यूबलाइट लावला होता. तो रात्री दहापर्यंत जळायचा. पाखरांना दिसावं म्हणून.

हे असंच हसण्यावारी चाललं असतं. पण वैशाखात शेठ घरी आला. बाबांना सूत देणारा आणि लुगडी नेणारा हा व्यापारी सहसा घरी येत नसे. सपरीत बसून त्यानं लुगडं उलगडलं, दोन बोटांत धरून उजेडासमोर सरकवलं आणि एकेका सांध्याशी थांबत गेला. चहा प्याला. उठताना म्हणाला, "बाबूराव, हा एक ताणा अजून देतो. हाही असाच आला तं पुढं मी सूत नाही देऊ शकत. तुमचे दादा करून राहिले, त्यांच्याचकडून घेईन." भिंत नऊ इंची असली तरी वर छतापर्यंत गेलेली नव्हती. पलीकडे सगळं ऐकू गेलं असणार. त्या वेळी पलीकडून कुणी खाकरलं नाही.

शेठचं सूत बंद म्हणजे माग बंद, आणि माग बंद म्हणजे बाबांनी नागपूरला जाऊन कुठल्या तरी यंत्रमागावर पाळीनं उभं राहायचं. बाबा त्या रात्री जेवले, पण डाळ पुन्हा मागितली नाही. आईनं ते पाहिलं.

दोन दिवसांनी त्या ताण्याला खळ लावायची होती. हे काम घरात होत नाही. पहाटे रस्त्यावर, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांबूंच्या कैच्यांवर सूत ताणून पसरायचं, खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी लांब कुंचे ओढत चालायचं, पुन्हा परत यायचं, पुन्हा जायचं. खळ वाळेपर्यंत कुंचा थांबता कामा नये. थांबला तर शेकडो तारा एकमेकींना चिकटून त्याची चटई होते, मग ती कुणी सोडवू शकत नाही. म्हणून चार माणसं लागतात. पूर्वी बाबा, मोठेबाबा, मोठी आई आणि आई असत. आता बाबा, आई, गुलाबकाका आणि मी. मोठेबाबा आपल्या सपरीत उभे राहून दात घासत होते. दंतमंजन संपलं असेल इतका वेळ घासत होते.

दोन फेऱ्या झाल्या. सूर्य माड्यांवर आला. पाकोळ्या खाली उतरून रस्त्यावरून सरसरत होत्या. तेवढ्यात ताण्याच्या मधोमध काहीतरी टपकन पडलं.

"पान असन. चाला," बाबा म्हणाले.

पान ओरडायला लागलं. पाकोळीचं पिल्लू होतं, पहिल्यांदाच घरट्यातून निघालेलं. ओल्या ताण्यावर पंख पसरून पालथं पडलं होतं आणि जितकं फडफडत होतं तितकं खळीनं माखत होतं. बाबांचा कुंचा थांबला. ओढून काढावं तर तारा तुटणार, ठेवावं तर पिल्लू मरणार, आणि उन्हात ताणा वाळत होता. बाबा वाकले आणि मागावरची तुटलेली तार सांधावी तशा हलक्या बोटांनी त्यांनी ते एकेका तारेपासून सोडवलं. चार तारा गेल्या. पिल्लू त्यांनी गुलाबकाकांच्या ओंजळीत दिलं.

मोठी आई तोवर रस्त्यावर आली होती. "थंड्या पान्यानं खळ सुटत नाही," ती आईला म्हणाली. "कोमट कर. तुही ती नवी गंजी आन, लहान, झाकनाची." ती गंजी, म्हणजे छोटं पातेलं, आईनं वाटणीनंतर घेतली होती; मोठ्या आईला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाबांनी आईकडे पाहिलं, पण त्यावर बोलायला वेळ नव्हता. दोघी आत पळाल्या, मला चूल फुंकायला बोलावलं, गुलाबकाका पिल्लू धरून उभे. एवढ्या लांब ताण्यावर कुंचा घेऊन एकटे बाबा उरले. या बाजूनं धावायचे, वळसा घालून त्या बाजूनं धावायचे. चूल पेटल्यावर मी दारातून पाहत होते. आयुष्यात त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

मोठेबाबा खाली उतरले. तोंडात मंजनाचा फेस होता, तो त्यांनी गटारीत थुंकला. पडलेला कुंचा उचलला.

"त्या टोकाचं गोठून राहिलं," ते म्हणाले. "तिकडं पाय."

वर्षभरानंतरचं हे पहिलं वाक्य. बाबांनी टोक पाहिलं, तिकडे गेले आणि तिथून म्हणाले, "पाखरू तुमच्याकडचं, दादा. नुकसान आमचं."

"आमच्याकडचं कायचं. वर्षभर पिसं टाकून टाकून गाद्या केल्या तुम्ही त्याच्यासाठी. जाड झालं, म्हनून पडलं." मोठेबाबा कुंचा ओढत होते. मध्येच थांबून त्यांनी दोन बोटांत सूत चोळलं. "गाठी आहेत. खळ कोनं शिजवली?"

आई गंजी घेऊन दारात आली होती. आळीतले चार-सहा जण उभे होते. आई गंजीचं झाकण दाबत राहिली.

"लाकडं ओली असतीन," मोठी आई तिच्या मागून म्हणाली. "ओल्या लाकडाची आच लागत नाही. थांबा, मी पातळ करून आनतो, त्याच्यावरून एक हात फिरवा." आणि ती आमच्या चुलीकडे गेली. वैशाखात आमच्या घरी ओलं लाकूड एकही नव्हतं. हे मोठेबाबांना कळलं असणार, बाबांनाही कळलं असणार. दोघांपैकी कुणी विचारलं नाही. ताणा वाळत होता.

पातळ खळ आली, तिनं गाठी सुटल्या, आणि पुढचा तासभर दोघे भाऊ समोरासमोर चालत होते. दोन बाजूंनी एकाच वेळी कुंचा पडला की त्याचा एक वेगळा, दबका आवाज येतो. तो मी वर्षभर ऐकला नव्हता.

पिल्लाला इकडे आम्ही गंजीत आंघोळ घातली, आईच्या पदरात पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. ते उभं राहीना. पोटावर पडलं, एका कुशीवर कललं.

"पाय मोडले," गुलाबकाका म्हणाले. "दोन्ही. पडताना मोडले."

सगळ्यांनी मान्य केलं, कारण दिसतच होतं. गुलाबकाकांनी काडेपेटीच्या काड्या मागवल्या, हळद-तेल मागवलं, सुताचे तुकडे तर होतेच. त्यांनी पिल्लू उचलून छातीजवळ घेतलं आणि पिल्लानं त्यांची बंडी पकडली. पकडली ती सोडेना. दोन्ही पायांच्या नख्या कापडात रुतल्या. गुलाबकाका ओढायचे, बंडी पुढे यायची, पिल्लू बंडीसोबत.

"मोडलेल्या पायानं एवढं घट्ट धरते काय हो?" आईनं विचारलं.

"सूज आहे ना," गुलाबकाका म्हणाले. "सुजंनं ताकत येते."

पाकोळीला उभं राहण्याचे पायच नसतात, फक्त लटकण्याचे असतात, हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. आजवर तिला बसलेली पाहिलीच नव्हती तर कळणार कसं? गुलाबकाका पिल्लू बिल्ल्यासारखं छातीवर लावून आळीत येरझारा घालत राहिले. ते हळूहळू वर सरकत त्यांच्या खांद्यावर गेलं, तिथं क्षणभर लटकलं आणि मागच्या बाजूनं खाली सुटलं. मोठी आई हाय म्हणाली. जमिनीपासून वीतभर अंतरावर त्यानं पंख उघडले आणि ते ताण्याच्या कडेनं, दोन भावांच्या मधून, रस्त्याच्या टोकाशी जाऊन वर चढलं. पुढे किती तरी वर्षं गुलाबकाका नव्या रोग्याला सांगत, की त्यांनी पाकोळीचे पाय बसवून दिले होते, काडी न लावता.

तो ताणा मागावर चढला. बाबा पहिले दोन दिवस एकेक धोटा मोजून टाकावा तसे विणत होते. आवाज थांबला नाही. हातभर कापड झालं, दुसरं झालं. तार तुटली ती जिथं पिल्लू पडलं होतं तिथंच, सांधलेली. शेठनं लुगडं उजेडासमोर धरलं, सरकवत शेवटापर्यंत गेला आणि पुढचं सूत तिथल्या तिथं टाकलं. काय बदललं म्हणून विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "पिल्लू शिवलं ना ताण्याले. त्याचा गुन." आई आत खळीचं पातेलं घासत होती. ते पातेलं मोठ्या आईचं होतं.

भाऊ बोलायला लागले. बोलायला लागले म्हणजे भांडायला लागले. साडेचार इंच, गवंडी, दोरी, पट्टी, सगळं आता मोठ्यानं आणि रोज. आई मोठ्या आईला विहिरीवर म्हणाली, "गप्प होते तं बरं होतं वो बाई." पण ती हे म्हणाली तेव्हा तिच्या डाळीत मोठ्या आईकडून आलेली आमसुलं होती.

पुढचा ताणा मोठेबाबांचा. न बोलावता बाबा पहाटे कुंचा घेऊन रस्त्यावर हजर होते. दोघे दोन बाजूंनी चालत होते आणि कुंचा किती दाबावा यावरून वाद घालत होते. मी आमच्या सपरीत उभी होते. बाबांच्या बडबडीमुळे मला आधी वरची चिरचिर ऐकू आली नाही. ट्यूबलाइट पंधरा दिवसांपूर्वी उडाला होता आणि बाबांना नवा आणायला सवड झाली नव्हती. त्या काळोख्या कोपऱ्यात तुळईला एक पांढरं पीस चिकटलेलं होतं, त्याखाली आणखी एक, आणि एक पाकोळी भिंतीला लटकून त्यावर तोंड घासत होती.

मी धावत रस्त्यावर गेले. "बाबा, आल्या. आपल्याकडं आल्या. खोपा करून राहिल्या. चाला न पाहाले."

बाबांनी मानही वर केली नाही. "येऊ दे, येऊ दे," ते म्हणाले, "इथं दादाचा ताणा वाळून राहिला," आणि कुंचा ओढत पुढं गेले.